सहा दिवसांचा हिशोब कोणी ठेवायचा?

बीजकोशातून सुटलेले स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास जगते. शुक्राणू मात्र पोषक स्राव मिळाला तर स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे पाळीच्या एका चक्रात गर्भ राहू शकेल असे दिवस साधारण सहाच: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. अमेरिकी संशोधक अॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे मोजून दाखवले. हे दिवस ओळखायचे आणि मूल नको असेल तर तेवढ्या काळात संबंध टाळायचे, ही झाली नैसर्गिक कुटुंबनियोजनाची पद्धत. गोळी नाही, तांबी नाही, ऑपरेशन नाही.

नाशिकमध्ये बायकांच्या बोलण्यात याला 'सेफ पिरियड' म्हणतात, आणि त्याचा हिशोब बहुतेक वेळा ऐकीव असतो. पाळी येऊन गेली की काही दिवस सेफ, असे थोरली जाऊ धाकटीला सांगते. लहान चक्र असणाऱ्या बाईसाठी हा सल्ला घातक आहे. जपानचे क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले, की बीज सुटण्याचा दिवस पुढच्या पाळीवरून मागे मोजायचा असतो. तो तिच्या साधारण दोन आठवडे आधी येतो. २६ दिवसांचे चक्र असेल तर बीज पाळी सुरू झाल्यापासून बाराव्या दिवसाच्या आसपास सुटते आणि जोखमीचे दिवस सातव्यापासूनच सुरू होतात. अडचण अशी की पुढची पाळी कधी येणार हे आधी कळत नाही. विल्कॉक्स यांच्याच २००० सालच्या अभ्यासात जोखमीचे सगळे दिवस चक्राच्या दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत बसणाऱ्या स्त्रिया फक्त ३० टक्क्यांच्या आसपास निघाल्या. कालनिर्णयवर पेनाने गोल करून ठेवणे ही चांगली सवय आहे, पण नुसत्या गोलांवर भरवसा ठेवता येत नाही.

शरीर स्वतः खुणा देते. बीज सुटायच्या आधी इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते आणि योनीतला स्राव कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा ताणला जाणारा, निसरडा होतो. ऑस्ट्रेलियाचे जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज हे डॉक्टर दांपत्य याच खुणेवरची पद्धत शिकवत असे. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक वाढते, स्राव घट्ट होतो आणि सकाळचे तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते. दोन्ही खुणा रोज टिपल्या आणि नियम काटेकोर पाळले, तर ही पद्धत खूप चांगली चालते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात नियम तंतोतंत पाळणाऱ्या १०० स्त्रियांमागे वर्षाला अर्ध्याहूनही कमी गर्भधारणा झाल्या.

आता ही सकाळ नाशिकच्या घरात आणून बघू. तापमान अंथरुणातून उठायच्या आधी, सलग काही तासांच्या झोपेनंतर, रोज साधारण ठरलेल्या वेळी घ्यावे लागते. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात सून पाचला उठते, नळाचे पाणी भरते, डबे करते. तोंडात थर्मामीटर धरून ती पाच मिनिटे पडून राहिली, तर सासू ताप आला का विचारणार. सातपूर-अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बाईची झोपच दिवसा होते. तिच्या तक्त्यावरचे आकडे वरखाली होतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला पेठ-सुरगाण्याहून येणारी जोडपी शेडमध्ये इतर मजुरांसोबत राहतात. नवरा महिनाभर बाहेर आणि दोन दिवसांसाठी घरी, असे असेल तर ते दोन दिवस कुठले असावेत हे ठरवणे तिच्या हातात नसते. ही पद्धत फुकट आहे असे म्हणतात. पैशाने ती फुकट आहेच. पण तिला लागणारा वेळ, झोप आणि एकांत बहुतेक करून बाईच्या वाट्यातून जातो.

आणि मग नवऱ्याचा प्रश्न येतो. माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाने एक सोपी पद्धत बसवली: चक्र २६ ते ३२ दिवसांचे असेल तर आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळायचे. मोजायला रंगीत मण्यांची माळ. भारतात ती 'मालाचक्र' नावाने आली. बोलिव्हिया, पेरू आणि फिलिपिन्समध्ये तिची चाचणी झाली, निकाल २००२ मध्ये आले. पद्धत बरोबर पाळली तेव्हा वर्षभरात १०० स्त्रियांमागे सुमारे ५ गर्भधारणा झाल्या. प्रत्यक्ष वापरात सुमारे १२. हे वरचे सात कुठून आले? माळ तीच, मोजणीही तीच. फरक पडतो तो वर्ज्य दिवशी दोघांनी काय केले यामुळे. म्हणून या पद्धतीची परिणामकारकता सांगताना मी बीजकोशाइतकाच नवऱ्याचाही विचार करते. बायकोने 'आज नको' म्हटले आणि ते ऐकले गेले, तर पद्धत चालते. नाही ऐकले, तर कितीही नेमका तक्ता निरुपयोगी ठरतो.

नवराबायकोचे नाते नैसर्गिक पद्धतीने सुधारते, असा दावा पुष्कळदा केला जातो. २०१७ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या अडीच हजारांहून अधिक वापरकर्त्यांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यात जवळपास दोन तृतीयांश स्त्रियांनी आणि तीन चतुर्थांश पुरुषांनी नाते सुधारल्याचे सांगितले; बिघडल्याचे सांगणारे दहा टक्क्यांहून कमी होते. निष्कर्ष आशादायक आहे. मात्र उत्तरे दिली ती ही पद्धत स्वखुशीने निवडणाऱ्यांनी. जिथे भांडणे झाली, मूल राहिले, पद्धत सुटली, ती जोडपी अशा सर्वेक्षणात फारशी सापडत नाहीत. ज्यांच्यात आधीच मोकळेपणाने बोलणे होते तीच माणसे ही पद्धत टिकवतात, हेही तितकेच शक्य आहे. पुरुषांचे समाधान स्त्रियांपेक्षा जास्त निघाले, हे मला विशेष लक्षात ठेवण्याजोगे वाटते.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. १९३५ च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या अमेरिकी प्रचारक मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींचा कृत्रिम साधनांना ठाम विरोध होता. सुरक्षित काळाची कल्पना त्यांना त्यातल्या त्यात सहन होण्यासारखी वाटली. बायकांनी नवऱ्याला नाही म्हणायला शिकावे, असे ते सांगत. साधनांबद्दलचे त्यांचे मत मला मान्य नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते आणि बाईच्या सुटकेचा तो रस्ता मला अधिक खरा वाटतो. पण 'नाही' म्हणण्याचा मुद्दा गांधीजींनी अचूक धरला होता. त्यात नवऱ्याने ऐकायला शिकण्याचा भाग मात्र राहून गेला. स्वतंत्र भारताच्या १९५२ च्या कुटुंबनियोजन कार्यक्रमातही आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचा कल सुरक्षित काळाच्या पद्धतीकडे होता. कर्नाटकातल्या रामनगरममध्ये आणि दिल्लीत प्रयोग झाले, ते फारसे यशस्वी ठरले नाहीत.

जबाबदारी नंतर कोणाकडे गेली ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत दिसते. देशात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रीनसबंदीवर अवलंबून आहेत, पुरुषनसबंदीवर ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी अधिक सोपी आणि सुरक्षित. गर्भनिरोधन ही बाईची बाब आहे, पुरुषाने त्याची काळजी करायचे कारण नाही, या विधानाशी ३५ टक्के पुरुष सहमत होते. अशा घरात नैसर्गिक पद्धत एकट्या बाईच्या जिवावर चालवणे म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणे. तक्ता नवऱ्याने भरावा, सकाळचा चहा त्याने टाकावा, वर्ज्य दिवस त्यानेच लक्षात ठेवावेत. ते जमत नसेल तर निरोध वापरावा किंवा स्वतः नसबंदी करून घ्यावी.

दिवस मोजण्याच्या ज्ञानाचा एक विपरीत वापरही होतो. सम तारखेला मुलगा, विषम तारखेला मुलगी, असे कीर्तनातून सांगितले जाते आणि शिकलेल्या घरांतूनही तारखा विचारल्या जातात. विल्कॉक्स यांच्या अभ्यासात संबंधाच्या दिवसाचा आणि बाळाच्या लिंगाचा काहीही संबंध आढळला नाही. बाळाचे लिंग शुक्राणूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते.

बाळंतपणानंतरची एक नैसर्गिक पद्धत मात्र अधिक लोकांपर्यंत जायला हवी. बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी परत आलेली नाही आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच्या दुधावर, या तिन्ही अटी एकदम पुऱ्या होत असतील तर ९८ टक्के संरक्षण मिळते. माहेरी सव्वा महिना हे सहज चालते. मग बाळघुटी सुरू होते, वरचे दूध सुरू होते, आणि संरक्षण घटते. पहिली पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकते, त्यामुळे पाळीची वाट बघत बसू नये.

पाळी अनियमित असेल, पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने बीज वेळेवर न सुटण्याचा विकार) असेल, पाळी जाण्याचे वय जवळ आले असेल, तर दिवस मोजण्यावर विसंबू नये. लैंगिक आजारांपासून या पद्धतीत काहीच संरक्षण नाही. सुरू करायची असेल तर आधी काही महिने निरोध वापरत नुसत्या नोंदी ठेवाव्यात आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाला दोघांनी मिळून त्या दाखवाव्यात. वर्ज्य दिवशी संबंध आलाच तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी घेता येते, ती आशाताईंकडेही मिळते; पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तरी चालते.