चोपणातली रुदंती आणि निकेल साठवणारं झाड

तापीच्या खोऱ्यात काळ्याभोर वावराच्या मध्येच एखादा चोपण पट्टा लागतो. पावसाळ्यात पाणी साचून राहतं, उन्हात तो दगडासारखा घट्ट होतो. सातबाऱ्यावर पोटखराबा. म्हातारी माणसं सांगतात, "आठे काहीच पिकत नही, भाऊ." कपाशी खरंच तग धरत नाही. जादा सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि मुळांना हवा मिळत नाही.

अशाच खारवट जागी वीतभर उंचीची, राखाडी पानांची रुदंती मात्र खुशाल वाढते. पान डोळ्यांजवळ धरून बघा. त्यावर बारीक थेंब दिसतील. मुळांवाटे आलेलं मीठ ती पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. म्हणून ती रुदंती, म्हणजे रडणारी.

ती काही दुर्मीळ नाही. पण खरोखर दुर्मीळ झाडं शोधणारेही अशाच ‘वाईट’ मातीकडे वळतात. सर्पेंटाइन खडकाची माती घ्या (खान्देशातला काळा पाषाण वेगळा, तो बेसॉल्ट). तिच्यात कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम भरपूर, वर निकेल आणि क्रोमियम हे झाडांना घातक धातू. बहुतेक झाडं तिथे टिकतच नाहीत. जी टिकतात त्यांना स्पर्धा उरत नाही. मात्र त्यांचं बी शेजारच्या चांगल्या जमिनीत पडलं, तर जोमदार झाडं त्याला वर येऊ देत नाहीत. मग तो पट्टा म्हणजे जणू बेटच होतो. हजारो वर्षांत तिथली जात वेगळी होत जाते आणि इतरत्र कुठेच सापडत नाही.

पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या पिक्नँड्रा अ‍ॅक्युमिनाटा या झाडाच्या सालीला चीर दिली की निळाहिरवा चीक येतो. वाळल्यावर त्यात 25 टक्क्यांपर्यंत निकेल भरतं! फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावरच्या रिनोरिया निकोलिफेराचं वर्णन तर 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या पानांत दशलक्षात 18,000 भाग निकेल असतं, आणि झाडाला काही होत नाही.

अशा शोधाची सुरुवात बऱ्याचदा भूगर्भाच्या नकाशावरून होते. त्या मातीवर पोचलं की डायमिथाइलग्लायॉक्झिम या रसायनात भिजवून वाळवलेल्या कागदावर पान चुरडून दाबायचं. कागद गुलाबी-लाल झाला, की पानात निकेल आहे. इतकी साधी चाचणी मला फार आवडते.

काळजी वेगळीच आहे. त्याच मातीखालचं निकेल पोलादाला आणि बॅटऱ्यांना हवं असतं, म्हणून तिथे खाणी होतात. एकाच टेकडीवर वाढणारं झाड त्या टेकडीबरोबरच खणलं जातं, कधीकधी त्याला नाव मिळायच्या आधी.