दारे कशी उघडत गेली: विद्यापीठे आणि आजीवन शिक्षणाची पार्श्वभूमी

समावेशन आणि आजीवन शिक्षण ही उद्दिष्टे आज बहुतेक विद्यापीठांच्या धोरणांत आढळतात. ती अलीकडची वाटत असली, तरी त्यांच्यामागे दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. विद्यापीठे क्वचितच आपणहून खुली झाली. ज्यांना प्रवेश नव्हता त्यांनी तो मागितला, तेव्हा प्रवेश, अध्यापन, परीक्षा आणि पदवी या साखळीतील एखादी कडी सैल करण्यात आली.

पहिली कडी परीक्षेची होती. लंडन विद्यापीठाने 1858 मध्ये, संलग्न महाविद्यालयात न शिकलेल्या उमेदवारांनाही पदवी परीक्षेला बसण्याची मुभा दिली. त्यामुळे नोकरी करणारा किंवा दूरच्या वसाहतीत राहणारा माणूस स्वतः अभ्यास करून पदवी मिळवू शकला. याच विद्यापीठाने 1878 मध्ये स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या, तर केंब्रिजमध्ये स्त्रियांना पूर्ण पदवी मिळण्यासाठी 1948 साल उजाडावे लागले. मात्र लंडनच्या व्यवस्थेत परीक्षा होती, शिक्षक नव्हता. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला कोणाचाही आधार नसे, आणि ही उणीव दूरशिक्षणाच्या पुढच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा दिसते.

ती भरून काढण्याचा प्रयत्न विस्तार चळवळीने, म्हणजे विद्यापीठाचे अध्यापन त्याच्या आवाराबाहेर नेणाऱ्या उपक्रमाने केला. केंब्रिजचे जेम्स स्टुअर्ट यांनी 1867 मध्ये उत्तर इंग्लंडच्या शहरांत स्त्रियांसाठी व्याख्याने दिली, आणि 1873 मध्ये केंब्रिज विद्यापीठाने अशा व्याख्यानमालांना अधिकृत मान्यता दिली. तरीही दिवसभर राबणाऱ्या कामगारांपर्यंत ही व्याख्याने पुरेशी पोहोचत नव्हती. 1903 मध्ये अल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी सुरू केलेल्या कामगार शिक्षण संघटनेने वेगळा मार्ग धरला. 1908 मध्ये इतिहासकार आर. एच. टॉनी यांनी रॉचडेल आणि लाँगटन येथे आठवड्यातून एकदा भरणारे वर्ग घेतले. एक तास व्याख्यान, एक तास चर्चा, नियमित निबंधलेखन आणि तीन वर्षे टिकून राहण्याची अट, असे त्यांचे स्वरूप होते. विषय ठरवण्यात विद्यार्थ्यांचा वाटा असे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा प्रयोग होय, कारण प्रौढ विद्यार्थ्याच्या अनुभवाला येथे ज्ञानाचा दर्जा मिळाला आणि त्यासाठी अभ्यासाची पातळी खाली आणावी लागली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर संख्येचे गणित बदलले. सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलण्याची तरतूद करणाऱ्या अमेरिकेच्या 1944 च्या कायद्यामुळे युद्धावरून परतलेल्या सुमारे 22 लाख सैनिकांनी महाविद्यालयीन शिक्षण घेतले, आणि वयाने मोठा, संसारी विद्यार्थीही नेटाने अभ्यास करतो हे सिद्ध झाले. त्या लाभात कृष्णवर्णीय सैनिकांना न्याय्य वाटा मात्र मिळाला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

प्रवेशाची कडी निर्णायकपणे तुटली ती ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात. मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी मांडलेल्या कल्पनेला मंत्री जेनी ली यांनी जिद्दीने मूर्त रूप दिले. 1969 मध्ये सनद मिळाली आणि जानेवारी 1971 मध्ये अध्यापन सुरू झाले. पूर्वीच्या कोणत्याही शैक्षणिक पात्रतेची अट नव्हती. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांमुळे हे विद्यापीठ प्रसिद्ध झाले, पण त्याचे खरे बळ काळजीपूर्वक लिहिलेले अभ्याससाहित्य, गृहपाठ तपासून सविस्तर अभिप्राय देणारे शिक्षक आणि सवडीने साठवता येणारे श्रेयांक (पूर्ण केलेल्या अभ्यासाच्या मोजमापाची एकके, म्हणजे क्रेडिट) यांत होते. पुढे अनेक देशांनी हा नमुना स्वीकारला. भारतात 1985 मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ त्यांपैकीच एक.

याच सुमारास, 1972 मध्ये, एदगार फोर यांच्या अध्यक्षतेखालील युनेस्कोच्या आयोगाने आजीवन शिक्षण हा संपूर्ण शिक्षणव्यवस्थेचा पाया मानावा, असे सुचवले. 2006 च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारात दिव्यांग व्यक्तींना भेदभावाविना उच्च शिक्षण आणि आजीवन शिक्षण मिळावे, असे बंधन करारात सहभागी देशांवर घालण्यात आले. तेव्हापासून सुगम साहित्य आणि परीक्षेतील सोयी हा सौजन्याचा भाग उरला नाही, तो हक्काचा विषय झाला.

2012 च्या आसपास मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची लाट आली तेव्हा उच्च शिक्षण सर्वांच्या हाती येईल असे सांगितले गेले. प्रत्यक्षात नोंदणी करणाऱ्यांत आधीच पदवी असलेले लोक मोठ्या संख्येने होते आणि अभ्यासक्रम पूर्ण करणारे थोडेच. शिक्षकाचा आधार नसलेली लंडनची जुनी अडचण नव्या साधनांसह परत आली होती. त्या मानाने फ्रान्सने 2002 च्या कायद्याने केलेला बदल कमी गाजला, पण तो अधिक खोल आहे: कामातून मिळवलेल्या अनुभवाचे मूल्यमापन करून संपूर्ण पदवीही देता येते.

पैशाचा प्रश्न मात्र सर्वत्र मागे राहिला. अनुदान आणि कर्जाच्या योजना बहुधा सलग, पूर्णवेळ शिकणाऱ्या तरुण विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून आखल्या गेल्या. इंग्लंडने 2008 पासून, हातात आधीच त्याच पातळीची पदवी असलेल्यांच्या शिक्षणाचे अनुदान बहुतांशी काढून घेतले. 2012 मध्ये शुल्कमर्यादा वाढली आणि अर्धवेळ विद्यार्थ्यांची घसरण आणखी तीव्र झाली. शुल्काची मर्यादा वर्षाऐवजी श्रेयांकांवर ठरवण्याची तरतूद तेथे कायद्याने झाली ती 2023 मध्ये, म्हणजे मुक्त विद्यापीठाने श्रेयांकांवर पदवी देण्यास आरंभ केल्यानंतर अर्धशतकाने.