सीताबर्डीची तोफ: प्रतिकृतीमागचा इतिहास

सीताबर्डीच्या लढाईचा जिवंत देखावा करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तटावरची अजस्र तोफ येते. पण २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ला नागपुरातल्या त्या टेकड्यांवर तटच नव्हता. आज बर्डीचा बाजार आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधे उभा असलेला किल्ला इंग्रजांनी लढाईनंतर बांधला. प्रतिकृती हवी ती चाकांवरच्या मैदानी तोफेची.

५ नोव्हेंबरला खडकीला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. २४ तारखेला नागपुरात आप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रं स्वीकारली आणि दोनच दिवसांत रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रिचर्ड जेन्किन्स याच्या फौजेशी तोंड लागलं. भोसल्यांचं सैन्य कितीतरी पटींनी मोठं. २७च्या सकाळी त्यांच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली, तिथली इंग्रजांची तोफ वळवली आणि मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. पुढे कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने भोसल्यांच्या तोफा घेऊन त्यांच्यावरच फिरवल्या. छोटी टेकडीही परत इंग्रजांकडे गेली. डाव दोनदा फिरला, आणि दोन्ही वेळा तोफ वळवून! माझ्या मते देखाव्याचा गाभा हाच, आणि म्हणून सगळा जीव तोफ ज्यावर बसते त्या गाड्यात ओतायला हवा.

इंग्रजांकडच्या तोफा सहा पौंडी, म्हणजे गोळा साधारण पावणेतीन किलोचा. त्या काळच्या हलक्या सहा पौंडी तोफेची पितळी म्हणवणारी, प्रत्यक्षात तांबं आणि कथिलाची नळी सुमारे पाच फूट लांब आणि तीनशे किलोंच्या आसपास भरे. दोन्ही बाजूंच्या खुंटांवर ती झुलते. खुंट किंचित पुढे असतात, त्यामुळे मागची बाजू जड राहून खालच्या मळसूत्रावर टेकते. मळसूत्र फिरवलं की तोंड वर-खाली होतं. डावी-उजवीकडे वळवायला असली सोय नाही. गाड्याचं जमिनीवर टेकलेलं मागचं टोक दांड्यांनी उचलून अख्खा गाडाच फिरवावा लागतो.

चाकं पाच फुटांची. ती बैलगाडीची चाकं जाणणाऱ्या सुताराकडूनच घ्यावीत. चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, चाकापेक्षा थोडी लहान ठेवतात, आगीत लाल करून चढवतात आणि लगेच पाणी ओततात. धाव आवळते, आरे मधल्या तुंब्यात घट्ट बसतात. वेल्डिंग केलेलं चाक लांबूनसुद्धा ओळखू येतं.

नळीत मात्र तडजोड चालेल. गोळा फेकू शकणारी नळी १९५९च्या शस्त्र कायद्याखाली येते, तेव्हा ती फायबरची आणि तोंड बंद केलेली असावी. पण मग ती हलकी होते आणि गाडा चार पोरांनी खेळण्यासारखा फिरतो. आत रेतीच्या पिशव्या भरून वजन आणावं. टोक उचलताना लागणारा जोर प्रेक्षकांना दिसला पाहिजे.