'सावकाश' या शब्दामागे काय आहे

कसारा घाट चढून इगतपुरीकडे येताना वळणावळणाला 'वाहने सावकाश चालवा' असे फलक दिसतात. जुन्या फलकांवर 'सावकाश हाका' असे. बैलगाडी-टांग्याच्या काळातले हे क्रियापद मोटारीलाही लागले. नाशिकरोड स्टेशनपासून गावात येणारी ट्राम 1889 मध्ये सुरू झाली, तीसुद्धा घोड्यांनी ओढलेली. त्यामुळे 'हाकणे' इथे बराच काळ शब्दशः खरे होते.

गोंधळ आहे तो 'सावकाश' या शब्दाचा. म्हणजे हळू, असे कोणीही सांगेल. पण 'हळू' आला 'लघु'वरून, 'हलका'चा तो सख्खा भाऊ. हळू पाऊल म्हणजे भार न देता टाकलेले पाऊल. म्हणून बोलणेही हळू असते. मालेगाव-सटाण्याकडे अहिराणीत त्याचे 'हयू हयू' होते. खेड्यापाड्यांत 'दमानं' म्हणतात, त्यात श्वास आहे. 'सावकाश'मध्ये यातले काहीच नाही. स + अवकाश, म्हणजे जागा किंवा सवड असलेला. 'लग्नाला अजून अवकाश आहे' म्हणताना हाच अर्थ आपण सहज वापरतो, आणि फलकापाशी येऊन विसरतो.

संस्कृत व्याकरणात आणि मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात, हा शब्द नियमांना लावत. ज्या नियमाला दुसरीकडे वाव आहे तो सावकाश, ज्याला नाही तो निरवकाश. दोघांची गाठ पडली तर निरवकाश नियम बलवान. म्हणजे ज्याच्याकडे जागा आहे त्याने सरायचे. घाटात भरलेला ट्रक चढत असताना उतरणाऱ्या मोकळ्या गाडीने नेमके हेच करायचे असते.

पंगतीत यजमान हात जोडून 'सावकाश होऊ द्या' म्हणतो, तेव्हा तो घास हळू चावायला सांगत नसतो. घाई नाही, तुमच्यासाठी वेळ राखून ठेवला आहे, असे त्याचे म्हणणे असते. कचेरीतले 'सावकाश बघू' मात्र याच शब्दाची झीज आहे. तिथे सवड असते ती फक्त सांगणाऱ्याला.

रस्त्यावर पुढे 'गतिरोधक' आला, बोलण्यात 'ब्रेकर'. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याचे माप दिले होते: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटीमीटर, ताशी 25 किलोमीटरने ओलांडता यावा असा. गल्लीबोळांतले बहुतेक उंचवटे या मापात बसत नाहीत. नावातच 'रोध' असल्यामुळे अडवणे हेच काम असल्यासारखे ते बांधले जातात. 2016 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढण्याचे आदेश निघाले.

रोध आणि अवकाश यांतला फरक नाशिकने सर्वांत कठोरपणे अनुभवला तो 27 ऑगस्ट 2003 रोजी. सिंहस्थाच्या शाही स्नानाच्या दिवशी सरदार चौकाजवळच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. गर्दी अडवून धरावी की तिला जागा करून द्यावी, हा वाद तेव्हापासून प्रत्येक नियोजनात आहे. बंदोबस्ताची बाजू कठड्यांकडे झुकते. एका जागी इतके लोक आल्यावर कुठेतरी थांबवावेच लागते, हेही खरे. पण थोपवलेल्या गर्दीत मागच्याला पुढचे दिसत नाही आणि त्याचा रेटा चालूच राहतो. अशा ठिकाणी 'सावकाश चला' ही सूचना ध्वनिक्षेपकावरून कितीही वेळा दिली तरी पाळता येत नाही, कारण पाऊल टाकायला अवकाशच उरलेला नसतो. 2015 च्या सिंहस्थासाठी नवे घाट बांधून गर्दी पसरवली गेली. माझ्या मते 2003 नंतरचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच, आणि 2027 साठीही बोलणी तिथूनच सुरू व्हायला हवीत.

पावसाळ्यात रामकुंडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. आजीला खाली नेणारी नात 'सावकाश हं' म्हणते, स्वतः एक पायरी खाली उतरून बाजूला सरते, आणि आजीचे पाऊल तिने सोडलेल्या जागेवर पडते.