फोटो निघाला, पण जाणार कुठे?

नोकिया ७६५० मिटलेला असला की त्याला कॅमेरा आहे हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नसे. वरचा भाग सरकवला की खालून कीपॅड बाहेर यायचं आणि पाठीमागे झाकलेलं भिंग उघडं पडायचं. नोव्हेंबर २००१ मध्ये बार्सिलोनात नोकियाने हा फोन दाखवला आणि २००२ च्या मध्यावर तो युरोपच्या दुकानांत आला. अंगचाच कॅमेरा असलेला नोकियाचा हा पहिला फोन, वजन १५४ ग्रॅम. शर्टाच्या खिशात ठेवला की खिसा खाली ओढला जाणार, हे ठरलेलं.

आज जुन्या मोबाइलच्या गप्पा निघाल्या की याच्या फोटोंची चेष्टा होते. चेष्टा खोटी नाही. फक्त ती चुकीच्या जागी होते, असं मला वाटतं. कॅमेराफोनची पहिली अडचण भिंगाची नव्हतीच. फोटो निघाल्यावर तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा कसा, ही खरी गाठ होती, आणि ती या फोनच्या बरीच आधीची.

११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ इथे फिलिप कान यांना मुलगी झाली. कान हे बोरलँड या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक. त्यांच्याजवळ कॅसिओचा डिजिटल कॅमेरा, मोटोरोलाचा स्टारटॅक फोन आणि लॅपटॉप होता. बायको प्रसूतिगृहात असताना त्यांनी या तिघांची मोट बांधली आणि बाळाचा फोटो दोन हजारांवर लोकांना पाठवला. फोनमधून गेलेला पहिला फोटो म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण त्या जुगाडात कॅमेरा विकतचा होता आणि फोनही विकतचा. कान यांनी स्वतः रचलेली गोष्ट होती ती फोटो आपोआप लोकांपर्यंत नेणारी व्यवस्था. पुढच्याच वर्षी त्यांनी काढलेल्या लाइटसर्फ या कंपनीने नेमका तोच धंदा केला.

कॅमेरा फोनच्या पोटात मावला तो सीमॉस सेन्सरमुळे. सेन्सर म्हणजे भिंगातून आलेल्या उजेडाचं चित्र बनवणारी चिप. त्याआधीचे सीसीडी सेन्सर चित्र चांगलं देत, पण वीजही भरपूर पीत. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सीमॉस सेन्सर कामाचा करून दाखवला, तो अवकाशयानांवरचे कॅमेरे हलके व्हावेत म्हणून. सगळा कॅमेरा जवळपास एका चिपवर आला आणि मोबाइलच्या इवल्याशा बॅटरीला तो परवडू लागला.

मग आशियात शर्यत लागली. मे १९९९ मध्ये जपानमध्ये क्योसेराचा व्हीपी-२१० आला. त्याचा कॅमेरा पुढच्या बाजूला, बोलणाऱ्याचा चेहरा दाखवण्यासाठी. सेकंदाला दोनच चित्रं जात असल्यामुळे समोरचा माणूस अडखळत हसायचा. २००० मध्ये कोरियात सॅमसंगचा एससीएच-व्ही२०० आला. त्याचा सेन्सर तेव्हाच्या मानाने बरा, ३.५ लाख बिंदूंचा (पिक्सेलचा). पण फोटो फोनवरून पाठवताच येत नसे; वायर लावून संगणकावर उतरवायचा. म्हणजे एका डबीत कॅमेरा आणि फोन शेजारी राहत होते, पण त्यांची बोलचाल नव्हती.

नोव्हेंबर २००० मध्ये शार्पने जे-फोन या मोबाइल कंपनीसाठी जे-एसएच०४ काढला. याचा सेन्सर सॅमसंगपेक्षाही दुबळा, १.१ लाख बिंदूंचा. पडदा २५६ रंगांचा. तरी चालला तोच. एक तर फोटो काढून तिथल्या तिथे मेलला जोडून पाठवता येई. दुसरं म्हणजे भिंगाशेजारी एक चिमुकला आरसा बसवला होता, स्वतःचा फोटो घेताना चेहरा चौकटीत आहे का ते बघायला. जपानी मुलींना तेव्हा फोटोबूथमध्ये मैत्रिणींसोबत स्टिकर-फोटो काढण्याचं वेड होतं. आरसा कुणासाठी आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. जे-फोनने या सेवेला ‘शा-मेल’ नाव दिलं, आणि जपानीत फोटो पाठवण्याला तोच शब्द रूढ झाला.

या पार्श्वभूमीवर ७६५० कडे पाहिलं की त्याची बलस्थानं आणि उणिवा वेगळ्या दिसतात. फोटो ६४० बाय ४८० बिंदूंचा. छपाईच्या नेहमीच्या हिशेबाने, म्हणजे इंचाला ३०० बिंदू धरून, तो कागदावर पासपोर्ट फोटोपेक्षा जेमतेम मोठा निघतो. फ्लॅश नाही, फोकस कायमचा ठरलेला. दिवे लागणीनंतर घरात फोटो काढला तर माणसांपेक्षा रंगीत ठिपकेच जास्त. व्हिडिओ नाही, एमपी-३ गाणी नाहीत. मेमरी ४ एमबी, तीही फोटो, मेसेज, गेम सगळ्यांच्या वाटणीची, आणि कार्ड घालायला खाच नाही! माझ्या लेखी या फोनची सगळ्यात मोठी चूक हीच. साठसत्तर फोटो झाले की जुने पुसत बसायचं.

बाजू उजवी होती ती सॉफ्टवेअरची. सिम्बियन या मोबाइलच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभारलेल्या सिरीज ६० या सॉफ्टवेअरचा हा पहिला फोन, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅम त्यात टाकता येत. पडदा ४०९६ रंगांचा, तेव्हा डोळे दिपवणारा. पोर्ट्रेट नावाची सोय माणसाचा छोटा फोटो काढून संपर्काच्या नावाला चिकटवायची. फोन वाजला की चेहरा दिसायचा. आणि फोटो बाहेर काढायला ब्लूटूथ, इन्फ्रारेड, ईमेल, एमएमएस (फोटो जोडलेला मेसेज) अशा चार वाटा.

यातल्या एमएमएसवर मोबाइल कंपन्यांची भिस्त होती. एसएमएसने जशी कमाई करून दिली तशीच हेही देईल, असा हिशेब. तो फसला. दर चढे, फोनमधलं सेटिंग किचकट, आणि सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी एका कंपनीचा एमएमएस दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पोचतच नसे. समोरच्याचा फोन साधा असला तर त्याला फोटोऐवजी वेबसाइटचा पत्ता असलेला मेसेज जायचा. हौसेने पाठवलेला फोटो त्यानं संगणकावर जाऊन बघायचा!

आपल्याकडे ‘कॅमेऱ्याचा मोबाइल’ खऱ्या अर्थाने घरोघर माहीत झाला तो २००३ च्या नोकिया ६६०० पासून. कॅमेरा तेवढाच, ६४० बाय ४८०. अंधारातली रड तीच. पण कार्डाची खाच आली होती, आवाजासह छोटा व्हिडिओ घेता येत होता आणि ब्लूटूथ होतं. एमएमएसच्या नादी लागायची गरजच उरली नाही. ‘ब्लूटूथ ऑन कर’ म्हटलं की कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा लग्नाच्या पंगतीत फोटो, रिंगटोन, क्लिप या फोनमधून त्या फोनमध्ये जात, कंपनीला एक पैसा न देता. खुद्द ‘एमएमएस’ या शब्दाच्या नशिबी मात्र वाईट आलं. २००४ साली दिल्लीत शाळकरी मुलांची एक क्लिप पसरून गाजलेल्या प्रकरणानंतर आपल्या वर्तमानपत्रांत तो शब्द अश्लील क्लिपसाठीच वापरला जाऊ लागला.

फुकटच्या या वाटेवरून नको ते पाहुणेही आले. जून २००४ मध्ये ‘कॅबीर’ हा मोबाइलवर पसरणारा पहिला किडा, म्हणजे एका फोनवरून दुसऱ्यावर जाणारा व्हायरससारखा प्रोग्रॅम, सापडला. सिरीज ६० चे फोन हेच त्याचं घर. तो गुपचूप शिरत नसे. ब्लूटूथवरून यायचा, स्वीकारायचं का म्हणून फोन रीतसर विचारायचा, आणि कुणीतरी फोटो पाठवला असेल म्हणून लोक ‘हो’ दाबायचे. पुढे इन्स्टॉल करायचं का असं विचारलं की तिथेही ‘हो’. मग फोन खिशातल्या खिशात शेजारचे फोन हुडकत बसायचा आणि संध्याकाळच्या आत बॅटरीने मान टाकलेली असायची.