कॉर्नफर्ड, जॉन

कॉर्नफर्ड, जॉन : (२७ डिसेंबर १९१५–२७/२८ डिसेंबर १९३६). स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६–३९) प्रजासत्ताकाच्या बाजूने लढताना मरण पावलेला इंग्रज स्वयंसैनिक, कवी व साम्यवादी कार्यकर्ता. जन्म केंब्रिज येथे. वडील ग्रीक तत्त्वज्ञानाचे अभ्यासक व आई कवयित्री. दोघांचेही नाव फ्रान्सिस. आईकडून तो चार्ल्स डार्विनचा पणतू. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये वारलेला कवी रूपर्ट ब्रुक हा या कुटुंबाचा स्नेही. त्याच्या स्मरणार्थ मुलाचे नाव रूपर्ट जॉन ठेवले गेले, तथापि त्यातील पहिले नाव फारसे वापरात राहिले नाही. केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात तो विद्यार्थ्यांच्या साम्यवादी चळवळीचा अग्रणी होता.

ऑगस्ट १९३६ मध्ये तो बार्सेलोनास गेला आणि ईशान्य स्पेनमधील आरागॉन आघाडीवर ‘पूम’ या स्टालिनविरोधी मार्क्सवादी पक्षाच्या लोकसेनेत दाखल झाला. स्टालिनसमर्थक साम्यवादी पक्षाच्या निष्ठावंत सदस्याने नेमक्या याच पथकात जावे याचे आश्चर्य वाटते. जवळ पक्षाची कागदपत्रे नसल्यामुळे असे घडले, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. या युद्धात लढण्यासाठी दाखल झालेला तो पहिला इंग्रज होय, हे विधान मात्र सावधपणेच घ्यावे लागते. आरागॉनमधील उएस्का शहराजवळच्या तिएर्स परिसरात लिहिलेल्या मोजक्या कवितांवर त्याची वाङ्मयीन कीर्ती मुख्यतः आधारलेली आहे. त्यांपैकी एकीत एका सैनिकाच्या दफनाचे वर्णन आहे : पेटी नवी, पण कफन आखूड पडल्यामुळे धुतलेली पावले बाहेर उघडी राहिलेली.

आजारामुळे तो इंग्लंडला परतला, आणि ऑक्टोबरमध्ये काही इंग्रज सोबती घेऊन पुन्हा स्पेनला गेला. नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या (प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्या परदेशी स्वयंसैनिकांच्या सेनेच्या) फ्रेंच बटालियनमधून तो माद्रिदच्या विद्यापीठ परिसरात लढला. त्याचा सहकारी व पुढे ग्रीक साहित्याचा नामवंत अभ्यासक झालेल्या बर्नर्ड नॉक्सने सांगितल्याप्रमाणे, तेथे भारतीय तत्त्वमीमांसेचे आणि जर्मन तत्त्वज्ञानाचे जाडजूड ग्रंथ रचून अडथळे उभारले होते व त्यांतून गोळी पार जात नसे. येथेच कॉर्नफर्डच्या डोक्याला जखम झाली.

डिसेंबरअखेर चौदाव्या ब्रिगेडमधील सुमारे १४५ जणांच्या ब्रिटिश कंपनीबरोबर तो हाएन प्रांतातील लोपेरा गावावरील हल्ल्यात होता. हल्ला फसला, कंपनीची मोठी हानी झाली आणि बटालियनचा फ्रेंच प्रमुख देलासाल याला पुढे लष्करी न्यायालयाच्या निकालानुसार गोळी घालण्यात आली. कॉर्नफर्डचा मृतदेह मिळाला नाही. त्यामुळे मृत्यूच्या तिथीबाबत मतभेद आहेत. काहींच्या मते तो एकविसाव्या वाढदिवशी, म्हणजे २७ डिसेंबरला, तर इतरांच्या मते दुसऱ्या दिवशी मारला गेला. पहिल्या तिथीला वाढदिवसाच्या योगायोगाचे आकर्षण चिकटलेले आहे, हे ध्यानात घेता २८ डिसेंबर अधिक स्वीकारार्ह वाटते. लेखक राल्फ फॉक्स याचा देह आणण्यासाठी तो पुढे गेला, तसेच डोक्यावरच्या पांढऱ्या पट्टीमुळे तो शत्रूच्या नजरेस आला, अशा दोन आख्यायिका आढळतात. त्या परस्परविरोधी नसल्या, तरी दोन्ही ऐकीव स्वरूपाच्या आहेत.

१९३८ मध्ये त्याच्यावरील स्मृतिग्रंथ प्रसिद्ध झाला. लोपेरा येथे फॉक्स व कॉर्नफर्ड यांचे संयुक्त स्मारक आहे. याच युद्धात नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार ‘जॉन स्मिथ’ या नावाने आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये लढले. ते युद्धकैदी झाले व १९३८ मध्ये सुटले.