कोंबड्यांची देवी (फाऊल पॉक्स)

कोंबड्यांची देवी म्हणजे फाऊल पॉक्स, कोंबड्यांना आणि टर्कीला व्हायरसमुळे होणारा, हळूहळू पसरणारा रोग. काहीजण याला कोंबडीच्या कांजिण्या म्हणतात ते चूक आहे, कारण माणसाच्या कांजिण्यांचा व्हायरस हर्पिसच्या घराण्यातला आणि इंग्रजी नावात चिकन असलं तरी कोंबडीशी त्याचं काही नातं नाही. फाऊल पॉक्सचा व्हायरस मात्र खरोखर देवीच्या घराण्यातला आहे, त्यातल्या फक्त पक्ष्यांना धरणाऱ्या एव्हिपॉक्स गटातला, त्यामुळे मराठीतलं देवी हे नावच जास्त बरोबर. माणसाला हा रोग होत नाही.

रोग एक की दोन, यावर जुन्या काळी बराच वाद होता. तुऱ्यावरचे फोड हा एक रोग आणि तोंडात-घशात पिवळट साय धरते तो दुसरा, कोंबड्यांचा घटसर्प, असं १९ व्या शतकात बरेच अभ्यासक मानायचे. १८८३-८४ मध्ये क्लेब्स आणि लोफ्लर या जंतुशास्त्रज्ञांनी माणसाच्या घटसर्पाचा जंतू दाखवला तेव्हा कोंबडीचा घटसर्पही तोच का, ही शंका आलीच. पुढे २० व्या शतकाच्या सुरुवातीला एकाच रोगी पक्ष्याचा माल कातडीवर लावला तर फोड आणि घशात लावला तर साय, असं दिसत गेलं आणि एकच व्हायरस हे मत टिकलं, आज तेच धरून चालावं. रोग झालेल्या पेशीतले मोठे गोळे (बोलिंगर बॉडीज) साधारण १८७० च्या दशकात नोंदले गेले, त्यांच्या आतले बारीक कण, म्हणजे खुद्द व्हायरसचे कण, बोरेल या शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये दाखवले. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात अॅलिस वुडरफ आणि अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी हाच व्हायरस अंड्यातल्या गर्भाच्या पडद्यावर वाढवला, आणि अंड्यात लस बनवायची वाट तिथून मोकळी झाली.

दुसरा वाद, या व्हायरसमध्ये घुसलेल्या दुसऱ्या एका व्हायरसचा, अजून चालू आहे. फाऊल पॉक्सच्या व्हायरसचा जीनोम (सगळा जनुकांचा संच) सुमारे २ लाख ८८ हजार बेस जोड्यांचा आहे, आणि बाहेर फिरणाऱ्या बऱ्याच स्ट्रेनमध्ये (व्हायरसच्या वाणांमध्ये) त्यात रेटिक्युलोएंडोथेलिओसिस नावाचा दुसरा एक रेट्रोव्हायरस (दुसऱ्याच्या जनुकांत स्वतःची जनुकं घुसवणारा व्हायरस) जवळजवळ अख्खा घुसून बसलेला सापडतो, लसीच्या स्ट्रेनमध्ये सहसा त्याचे तुकडेच उरलेले असतात. हा कधी घुसला? १९४९ च्या सुमाराच्या नमुन्यातही तो मिळालाय, म्हणजे गोष्ट अगदी अलीकडची नाही. १९३० च्या दशकातल्या पक्ष्यांवरच्या मलेरिया संशोधनातून तो चुकून पसरला असं एक मत २०१३ पासून मांडलं जातं, मत पटण्यासारखं आहे पण शेवटचा शब्द म्हणता येणार नाही. लस दिलेल्या कळपात कधीकधी रोग येतो त्यामागे हा घुसखोर असावा, असाही संशय घेतला जातो.

ओळख. रोगाचे दोन प्रकार, कातडीवरचा कोरडा आणि तोंडा-घशातला ओला. लागण झाल्यापासून साधारण ४ ते १० दिवसांत लक्षणं दिसतात. कोरड्या प्रकारात पिसं नसलेल्या जागी, म्हणजे तुरा, चोचीखालच्या लाल पाळ्या, पापण्या, चोचीची कड, कधी पायावर, आधी बारीक पांढरट पुरळ येतं, मग ते पिवळं होऊन चामखिळीसारखं खरखरीत होतं आणि शेवटी काळपट खपली धरते, ती २ ते ४ आठवड्यांत आपोआप गळते. एका पक्ष्याचं असं उरकतं, पण रोग एकीकडून दुसरीकडे सरकत राहतो म्हणून अख्ख्या कळपाला दोन-तीन महिनेसुद्धा लागतात. कोंबड्यांनी एकमेकींना टोचून झालेली जखम एका रात्रीत दिसते, फोड मात्र वाढत जातो, दोन-तीन दिवस रोज बघितलं की फरक कळतो.

ओला प्रकार खरा जीवघेणा. कोंबडी मान ताणून चोच उघडी ठेवून श्वास घेते, दाण्याजवळ येते पण गिळत नाही. अशी कोंबडी हातात धरून उजेडाकडे तोंड करून चोच उघडायची, जिभेखाली किंवा श्वासनळीच्या तोंडाशी पनीरच्या चुऱ्यासारखा पिवळट थर दिसतो आणि ओढला तर खालून रक्त येतं, म्हणून ओढायचा नाही. असाच थर कँकरमध्ये (तोंडा-घशात होणारा परजीवीचा रोग) आणि अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही येतो, तेव्हा पक्कं निदान डॉक्टरकडूनच. कोरड्या प्रकारात मरतुक कमी, ओल्यात ती बरीच वर जाऊ शकते.

प्रसार. धड कातडीतून व्हायरस आत जात नाही, त्याला ओरखडा नाहीतर डासाचा दंश लागतो. डास एकीचं रक्त पिऊन दुसरीला चावतो आणि रोग पोचवतो. गळून पडलेल्या खपलीत तर व्हायरस महिनोन् महिने जिवंत राहतो आणि तिची धूळ श्वासावाटेही जाते.

उपचार. व्हायरसवर औषध नाही, हे आधी मान्य करून मग हात चालवायचे. खपल्या उपटू नका, खरंच उपटू नका, जखम उघडी होते आणि व्हायरस सगळ्या खुराड्यात पसरतो. आजारी पक्षी वेगळे ठेवा, पडलेल्या खपल्या आणि खुराड्यातला भुसा गोळा करून जाळा, साचलेलं पाणी काढा, रात्री जाळी लावा. पापणी चिकटली असेल तर उकळून कोमट केलेल्या १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून कापसाने हळूच भिजवून सोडवा, कारण बरेचदा कोंबडी रोगाने मरत नाही, डोळे बंद म्हणून दाणा न दिसून उपाशी मरते. मऊ भिजवलेलं खाद्य आणि पाणी तोंडाशी द्या. अँटिबायोटिक फक्त वरून जंतू चढले तर, डॉक्टरने सांगितलं तरच, आणि त्या दिवसांतली अंडी किती दिवस खायची नाहीत ते त्यांनाच विचारून. श्वास अडत असेल तर घशातला थर काढायचं काम डॉक्टरचं.

लस. जिवंत लस, फाऊल पॉक्सची किंवा कबुतराच्या देवीची (ही सौम्य). साधारण ६ ते १२ आठवड्यांच्या पक्ष्यांना, अंड्यावर यायच्या आधी, डासांचे दिवस सुरू व्हायच्या आधी, दोन टोकांची सुई लसीत बुडवून पंखाच्या पातळ पडद्यातून आरपार टोचतात, पिसं आणि शीर चुकवून. कळपात रोग नुकताच दिसला असेल तर उरलेल्या धडधाकट पक्ष्यांना लगेच टोचून पुढची पसरण रोखता येते. ७ ते १० दिवसांनी पंख उचलून बघायचा, टोचल्या जागी छोटी गाठ किंवा खपली दिसली तर लस लागू झाली, काहीच नसेल तर पुन्हा टोचावी लागते.